आधी वाडी, मग घर

कोकणात जागा बघायला माणसे बहुधा दिवाळी उलटल्यावर येतात. तेव्हा समुद्र शांत असतो, पुळण रुंद असते, विहिरींना पाणी असते आणि एजंटाची गाडी थेट प्लॉटच्या हद्दीच्या दगडापर्यंत जाते. हे दिवस सगळ्याच जागांना शोभतात. खाडीकाठचे खाजण, सड्यावरचा कातळ आणि गावातली चार पिढ्या नांदलेली जागा, तिन्ही डिसेंबरात सारख्याच देखण्या दिसतात. मग निवड एकाच गोष्टीवर ठरते : समुद्र किती जवळ आहे?

त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. ज्या गावात आपण घर घेणार, ते गाव स्वतः कुठे बसले आहे? पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेल्या लोकांनी घरे कुठे बांधली आणि कुठली जागा मोकळी सोडली? मोकळ्या सोडलेल्या जागेला सहसा कारण असते. तिथे पावसात पाणी साचते, किंवा वारा सोसवत नाही, किंवा एप्रिलनंतर पाणीच नसते, किंवा समुद्र दर दहा-पंधरा वर्षांनी तिच्यावर हक्क सांगून जातो. आज किनाऱ्यावर सर्वांत झगमगीत फलक लागतात ते पुष्कळदा नेमक्या अशाच जागांवर. म्हणून माझा आग्रह असा आहे की कोकणात घर घेणाऱ्याने आधी वाडी निवडावी, मग त्या वाडीत मिळेल ते घर बघावे.

गुहागरला एकदा समुद्रापासून डोंगरापर्यंत आडवे चालून पाहा. पश्चिमेला पुळण. तिच्या वरच्या कडेला वाळू धरून पसरलेली मर्यादवेल आणि सुरूची झाडे. त्यामागे नारळी-पोफळीच्या बागा. बागेमागे घर, आणि त्या घराचे तोंड समुद्राकडे नसून रस्त्याकडे आहे. रस्ता किनाऱ्याला समांतर, गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला. रस्त्याच्या पलीकडे पुन्हा घरांची ओळ, परसू, भातशेती, मग डोंगराचा उतार आणि माथ्यावर सडा. दापोलीजवळचे मुरूड, श्रीवर्धन तालुक्यातले दिवेआगर इथेही थोड्याफार फरकाने हीच मांडणी आढळते.

या प्रत्येक पट्ट्याला काम आहे. मर्यादवेल वाळू उडू देत नाही, त्यामुळे किनाऱ्याला समांतर असा वाळूचा उंचवटा तयार होतो. वादळात लाटा त्या उंचवट्यावर फुटतात. तो खरवडला जातो आणि पुढच्या काही वर्षांत पुन्हा भरतो. सुरू आणि बागा वाऱ्याचा जोर मोडतात, वाऱ्याबरोबर येणारा खार पानांवर झेलतात. घरे उंचवट्याच्या मागच्या अंगाला असतात, तिथे पाऊस वाळूत मुरतो, पाणी साचत नाही आणि विहिरीला गोडे पाणी लागते. डोंगर आणि वस्ती यांच्यामधली जमीन सखल. डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी तिथे थांबते, म्हणून तिथे भात लावला जातो आणि घर कोणी बांधत नाही.

आता हीच भातखाचरे भराव घालून प्लॉट म्हणून विकली जातात. चार फूट मुरूम टाकला की जमीन कोरडी दिसते, पण डोंगरावरून येणारे पाणी तेवढेच राहते. ते तुमच्या भरावाला वळसा घालून शेजाऱ्याच्या परसात शिरते, आणि शेजाऱ्यानेही भराव घातला की परत तुमच्याकडे येते. अशा प्लॉटवर गेलात तर आजूबाजूची जुनी घरे आणि बांध किती खाली आहेत ते बघा. जुन्या आंब्याचे किंवा फणसाचे खोड मातीत अर्धवट बुडालेले दिसले, तर भराव किती घातला आहे ते मोजून मिळते.

कोळीवाडे या मांडणीला अपवाद वाटतील, कारण ते पाण्याला अगदी खेटून असतात. होडीला घर जवळ हवे. पण तेही उघड्या किनाऱ्यावर सहसा नसतात. ते खाडीच्या मुखाशी किंवा डोंगराच्या सोंडेच्या आडोशाला असतात. रत्नागिरीचा मिरकरवाडा भगवती किल्ल्याच्या डोंगराआड आहे, नैऋत्येचा मारा तो डोंगर घेतो. पाण्याजवळ राहायचेच असेल तर आडोसा कोणता, हे त्यांनी आधी बघितलेले आहे.

आता पुळणीकडे. डिसेंबरात दिसणारी पुळण कायमची नसते. पावसाळ्यातल्या उंच, एकामागून एक येणाऱ्या लाटा वाळू ओढून नेतात आणि थोड्या आत, पाण्याखाली तिचा बांध घालतात. पाऊस सरला की हलक्या लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. निरोगी किनाऱ्यावर हा व्यवहार वर्षाकाठी जमतो. जिथे जमत नाही तिथे किनारा मागे सरतो. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातला देशाचा किनारा उपग्रहचित्रांवरून तपासला, तेव्हा सुमारे ३४ टक्के किनाऱ्याची धूप होत असल्याचे दिसले. किनारा मागे सरत असल्याच्या खुणा साध्या डोळ्यांनाही दिसतात. सुरूची मुळे उघडी पडलेली असतात, माड समुद्राकडे कलून ओळीने पडलेले असतात, पुळणीच्या वरच्या कडेला पायऱ्या तासाव्यात तशी उभी कड झालेली असते. ही कड दिसली की पुढचे काही विचारत बसू नये.

मालवणच्या दक्षिणेचे देवबाग या बाबतीत पाहण्यासारखे आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी आणि मधे वाळूची अरुंद जीभ, तिच्यावर गाव. देखणेपणात कोकणात त्याला तोड नाही. दर पावसाळ्यात समुद्राच्या बाजूने लाटा वस्तीच्या अंगावर येतात आणि बंधाऱ्याची मागणी पुन्हा वर येते. तिथल्या लोकांची घरे, देवळे, होड्या, पर्यटनाचा धंदा सगळे त्या जिभेवर आहे. त्यांनी तिथे राहण्याला आणि ती जागा राखण्यासाठी भांडण्याला पूर्ण अर्थ आहे. बाहेरून येऊन आयुष्याची पुंजी घालणाऱ्याने मात्र त्या जिभेवर घर घेण्याचे कारण मला दिसत नाही. देवबागेत राहायला जावे, तिथल्या घरी जेवावे, आणि घर घ्यायचे तर आतल्या भक्कम जमिनीवरच्या गावात घ्यावे. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावाची कहाणीही अशीच आहे. तिथला बंधारा लाटांनी फोडायचा आणि सरकारने पुन्हा बांधायचा, हे वर्षानुवर्षे चालत आले आहे.

एजंट तुम्हाला सांगेल की समोर दगडी बंधारा आहे, काळजी नाही. बंधारा आहे याचा अर्थ तिथे काळजी होती म्हणूनच तो बांधावा लागला. भिंतीवर आपटून परतणारी लाट भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरते, आणि भिंत संपते त्या टोकाला शेजारच्या किनाऱ्याची धूप बहुधा वाढते. म्हणून बंधाऱ्याच्या मागची जागा आणि बंधारा संपल्यानंतरची पहिली जागा, दोन्हींकडे संशयानेच बघावे.

समुद्रापेक्षा खाडी निरुपद्रवी वाटते, आणि इथेच जास्त माणसे फसतात. खाडीला लाटा नसतात, पण भरती-ओहोटी असते आणि डोंगरातून येणारी नदीही असते. दोन्ही एकाच वेळी आल्या की पाण्याला जायला जागा उरत नाही. चिपळूण समुद्रापासून बरेच आत आहे, तरी वाशिष्ठीच्या खाडीची भरती शहराच्या कडेला गोवळकोटपर्यंत पोहोचते. २६ जुलै २००५ला आणि पुन्हा २२ जुलै २०२१ला शहर बुडाले. दुसऱ्या वेळी तर बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढले. अतिवृष्टी, कोयनेच्या वीजगृहातून वाशिष्ठीत येणारे पाणी, गाळाने उथळ झालेले पात्र आणि भरती, सगळे एकत्र आले. त्याच दिवशी सावित्रीकाठचे महाडही पाण्याखाली होते. खाडीकिनारी किंवा नदीकाठी जागा घेणार असाल तर जलसंपदा विभागाने आखलेली पूररेषा बघा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषेच्या बाहेरची जागा मिळत असताना आतली घेण्याला माझ्या मते कोणतीही किंमत पुरेशी स्वस्त नाही.

रायगडात खारभूमीचा प्रश्न वेगळा. खाडीचे खारे पाणी अडवायला मातीचे बांध घातलेले असतात, त्यांत पावसाचे पाणी सोडायला उघाड्या असतात, आणि बांधाच्या आत भात पिकतो. बांधाच्या आतली जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असू शकते. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे जमीन पिकत नाही. शेताचे हे हाल होतात, तर घराच्या पायाचे आणि विहिरीचे काय होईल याचा अंदाज करता येतो. अशा भागात जागा बघताना बांधावर चढून एकदा दोन्ही बाजूंचे पाणी आणि जमीन यांची पातळी बघा. पलीकडचे पाणी तुमच्या पायाखालच्या शेतापेक्षा वर दिसले, तर ते दृश्य विसरू नका.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरची माणसे तिथीला पाऊणने गुणतात. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरती. ठिकाणागणिक थोडा फरक पडतो, पण जागा बघायला कधी जायचे हे ठरवायला हिशेब पुरतो. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण जोरात असते. जुलैतल्या अशा एखाद्या दिवशी, पाऊस चालू असताना, भरतीच्या वेळी जागेवर उभे राहा. पाणी कुठून येते आणि कुठे अडते हे त्या तासाभरात जेवढे कळते तेवढे कोणत्याही नकाशावरून कळत नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण त्यासाठी वकील लागतोच. पण वाडी निवडतानाच उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी आहेत. ज्याला सगळे सीआरझेड म्हणतात, त्या सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ची, दुसरी २०११ची आणि तिसरी १८ जानेवारी २०१९ची. तिसऱ्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१पेक्षा जास्त असेल तर उच्चतम भरतीरेषेपासून ५० मीटर, कमी असेल तर २०० मीटर हा ना-विकास पट्टा. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठे कांदळवन असेल तर त्याच्याभोवती आणखी ५० मीटर राखीव. उच्चतम भरतीरेषा म्हणजे तुम्ही गेलात त्या दिवशी लाट पोहोचली ती जागा नव्हे. ती मान्यताप्राप्त संस्था आखते आणि किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर असते.

इथे एक बारकावा आहे, जो विकणारा सहसा सांगत नाही. पट्ट्याच्या आत शेजाऱ्याचे घर उभे आहे म्हणून तुम्हालाही तिथे बांधता येईल, असे होत नाही. त्याचे घर अधिसूचनेच्या आधीचे असेल आणि त्याला फक्त दुरुस्तीची मुभा असेल. किंवा पारंपरिक किनारी समाजातल्या, मच्छीमार कुटुंबांना असलेली सवलत त्याला मिळाली असेल. ती सवलत बाहेरून आलेल्या खरेदीदाराला लागू होत नाही. ग्रामपंचायतीचा परवाना हातात असणेही पुरेसे नाही. केरळात कोचीजवळच्या मरडू इथे पंचायतीने परवाने दिले, इमारती उठल्या, लोकांनी फ्लॅट घेतले, कर भरले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९मध्ये त्या बेकायदा ठरवल्या आणि जानेवारी २०२०मध्ये चार संकुले स्फोटके लावून पाडली गेली. तीनशेहून जास्त फ्लॅट गेले. न्यायालयाने भरपाई देवविली, तरी घर गेले ते गेलेच.

समुद्रकाठ आणि खाडीकाठ नको म्हटले की एजंट गाडी सड्यावर नेतो. वरून समुद्राचा अर्धगोल दिसतो, सूर्यास्त दिसतो, पुराची भीती नाही, सीआरझेड नाही. सड्यावर तरीही गावे का बसली नाहीत? सडा म्हणजे जांभ्याचा सपाट माथा. पावसात त्यावर रानफुले येतात, पाणी वाहते, आणि दिवाळीपर्यंत तो कोरडा ठणठणीत होतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पडलेले पाणी खाली झिरपते आणि डोंगराच्या पोटाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून वाड्या त्या झऱ्यांच्या आसपास, उताराच्या खालच्या अंगाला बसल्या. तीन-सव्वातीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकर धावतात, ते याच कारणाने. सड्यावर घर घ्यायचेच असेल तर पाणी कुठून येणार याचा लेखी पुरावा मागा, आणि उघड्या माथ्यावर वारा अडवायला झाड नसते हे लक्षात घ्या.

सडा आणि वाडी यांच्यामधला उतार हा सर्वांत जपून बघायचा भाग. जांभ्याच्या थराखाली शेडी नावाची मऊ, पांढरट-गुलाबी माती असते. सलग पावसात पाणी जांभ्यातून मुरून शेडीपर्यंत पोहोचते, ती फुगते, घसरडी होते, आणि वरचा थर तिच्यावरून खाली येऊ शकतो. उताराचा पायथा जेसीबीने कापून रस्ता किंवा प्लॉट काढला की वरच्या मातीचा आधार जातो. जुना व्हाळ बुजवला की पाणी नवी वाट शोधते, तीही मातीच्या पोटातून. दगडाची जात वेगळी असली तरी धोका असतोच. महाड तालुक्यातले तळिये समुद्रकाठी नाही, डोंगरकुशीतले आहे. पण २२ जुलै २०२१च्या संध्याकाळी तिथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली, हे उताराखाली घर घेणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावे. जागेच्या वरच्या अंगाला चढून बघा. जमिनीला आडव्या भेगा आहेत का, झाडांची खोडे बुंध्याशी वाकून मग सरळ गेली आहेत का, कापलेली उभी दरड आहे का. पावसात झऱ्याला अचानक गढूळ पाणी येते का, हे खालच्या घरात विचारा.

पाण्याबद्दल जरा जास्त लिहायला हवे, कारण किनाऱ्यावरच्या घराचे आयुष्य विहिरीवर ठरते. समुद्राजवळच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी हलके, खारे जड. ढोबळ हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. हाच हिशेब उलटा धरला तर वरची पातळी उपशाने एक मीटरने उतरली की खालून खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहते. रहाटाने पाणी काढणाऱ्या बागायतदाराला हा थर कधी तोडता आला नाही. पाच अश्वशक्तीचा पंप आणि पोहण्याचा तलाव असलेल्या बंगल्याला तो तोडता येतो, आणि एकाने तोडला की आळीतल्या सगळ्यांचे पाणी बिघडते.

म्हणून विहीर बघायची ती मेच्या शेवटच्या आठवड्यात. कठड्यावर हात टेकून आत बघा. चिऱ्यांवर शेवाळाची हिरवी-काळी रेघ असते, ती पावसाळ्यातली पातळी. आजचे पाणी तिच्यापासून किती खाली आहे? पंपाचा पाइप नंतर जोडून लांबवलेला दिसतो का? एक कळशी काढून हाताला साबण लावून बघा. फेस धरत नसेल तर पाणी जड आहे. घरात तांब्याच्या हंड्याच्या आत पांढरे पूट आहे का, डाळ शिजायला वेळ लागतो का, हे घरातल्या बाईला विचारा. तिचे उत्तर पाणी-तपासणीच्या अहवालाइतकेच मोलाचे असते. "काकी, पाणी मेअखेर पुरतं का?" असे विचारल्यावर "पुरतं हो, पण पलीकडच्या बंगल्याने बोअर मारली तेव्हापासून मचूळ लागतं" असे ऐकू आले, तर त्या आळीत पुढे काय होणार ते कळले. अहवालही करून घ्याच. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,०००पर्यंत चालवून घेतात. नमुना मात्र मेमधला घ्या. सप्टेंबरचा नमुना काही सांगत नाही.

वाऱ्याची परीक्षा एकदा होऊन गेली आहे. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या, आंबे-फणस मुळासकट उपटले, पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. पुढच्याच मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून वर गेले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांच्या अभ्यासानुसार अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली आहे. पूर्वी कोकणात वादळ ही आजोबांनी सांगायची गोष्ट होती, आता घर घेणाऱ्याला ती हिशेबात धरावी लागते.

याचा उपयोग असा करा : माणसांना तारखेने विचारा. "इथे वारा कसा असतो?" या प्रश्नाला "असतो थोडाफार" एवढेच उत्तर मिळते. "तीन जूनला या आळीत काय झालं?" असे विचारले की माणूस उठून बाहेर येतो आणि कुठला माड कुणाच्या पडवीवर पडला ते दाखवतो. रत्नागिरी-रायगडात नदीकाठी "बावीस जुलैला पाणी कुठपर्यंत होतं?" असे विचारा. भिंतीवरची खूण दाखवतील. एकाच आळीतली दहा घरे अशी विचारून झाली की कोणता कोपरा सुरक्षित आणि कोणता नाही, याचा नकाशा तुमच्या डोक्यात तयार होतो.

आता शेजार. कोकणातल्या पुष्कळ वाड्यांत अर्ध्याहून जास्त घरे वर्षातले दहा-अकरा महिने बंद असतात. गणपतीत, शिमग्यात, मेमध्ये चाकरमानी येतात, दिवे लागतात, पुन्हा कुलुपे पडतात. तुम्ही गणपतीत जागा बघितलीत तर वाडी गजबजलेली वाटेल. निवृत्त होऊन तिथेच राहायचे असेल, तर जुलैच्या रात्री आठ वाजता वाडीत किती घरांत दिवा आहे ते मोजा. छातीत कळ आली तर गाडी कोण काढणार, फुरसे चावले तर लस असलेले रुग्णालय किती अंतरावर, पावसात तो रस्ता चालू राहतो का, मधे एखादी तर किंवा लहान पूल आहे का. मांडव्याचा मुंबईशी संबंध रो-रो बोटीमुळे २०२०पासून सुधारला, पण गेटवेहून सुटणाऱ्या प्रवासी लाँच पावसाळ्यात बंदच असतात. ज्या गावात बारा महिने चालणारे किराणा दुकान, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि दहा-बारा नांदती घरे आहेत, ते गाव समुद्र दिसणाऱ्या ओसाड टेकडीपेक्षा कितीतरी पटीने चांगले.

कोळीवाड्याच्या शेजारी जागा घेणार असाल तर सुकवलेल्या बोंबलाचा, जवळ्याचा वास, पहाटेचे इंजिनाचे आवाज, बंदरावरचा लिलाव हे सगळे त्या जागेचेच आहे हे मान्य करून घ्या. ती माणसे आपल्या कामाच्या जागी आहेत. ज्यांना तो वास सोसणार नाही त्यांनी दुसरी वाडी बघावी, नंतर तक्रारी करू नयेत. तसेच पाखाडीचे. जुन्या पायवाटा, समुद्रावर जाण्याची वाट, विहिरीची वाट, शिमग्यात पालखी फिरते ती वाट, या अनेकदा खाजगी जागेतून जातात आणि सातबाऱ्यावर त्यांचा उल्लेख नसतो. कुंपण घालून त्या बंद केल्या की पुढची सगळी वर्षे वाडीशी वैर. उलट तुमच्या घरापर्यंत गाडी जाणारी वाट दुसऱ्याच्या जागेतून असेल, तर तिची नोंद आणि संमती आधी कागदावर आणा. आज शेजारी हसून हो म्हणतो, उद्या त्याचा मुलगा म्हणेलच असे नाही.

थोडे बांधकामाचे, कारण तेही वाडीवर अवलंबून आहे. लाटेचे तुषार अंगावर येतात तिथे सळई लवकर गंजते आणि काँक्रीटला तडे जातात. किनारी हवेत भारतीय मानकाप्रमाणे प्रबलित काँक्रीट किमान एम-३० प्रतीचे लागते, समुद्राचे तुषार लागत असतील तर एम-३५. बागेच्या आड, दोन-अडीचशे मीटर आत गेलात की खार बराच कमी होतो. तिथे जांभ्याच्या चिऱ्याचे, कौलारू घर कमी डागडुजीत दोन पिढ्या टिकते. खिडक्यांच्या ग्रिलला दर वर्षी रंग द्यावा लागतो का, हे शेजाऱ्याला विचारले की खाराचा अंदाज येतो.

एवढे सगळे पाहून जी वाडी मनात भरेल, तिथे विकाऊ जागेचा फलक बहुधा नसतो. आळीतली चांगली जुनी घरे बाजारात सहजी येत नाहीत, कारण सातबारा आणि घरठाण सामायिक असते. आजोबांच्या नावानंतर पंधरा-वीस वारसांची नावे चढलेली, एक भाऊ बोरिवलीला, बहीण बडोद्याला, पुतण्या परदेशात. इतर हक्कांत एखादे जुने कूळ. शेतजमीन असेल तर १९४८च्या कूळकायद्यानुसार घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि घराच्या जागेसाठी ती बिनशेती किंवा गावठाणातली आहे का ते बघावे लागते. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या होईपर्यंत वर्ष-दोन वर्षे जाऊ शकतात. ती जाऊ द्या. त्याच वाडीत एक खोली भाड्याने घ्या आणि जून ते सप्टेंबर तिथे राहून काढा. वीज किती वेळा जाते, पाणी कसे लागते, कोण हाक मारते, हे सह्या गोळा होईस्तोवर कळेल. सगळ्यांची संमती लेखी हातात आल्याशिवाय इसार देऊ नका, मग तो भाऊ बोरिवलीहून कितीही घाई करो.